आऱ्याचं खालचं टोक

लाकडाचा आरा ओढायला दोन माणसं लागतात. एक जण ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खाली खड्ड्यात. बघणाऱ्याला वाटतं, वरच्याचं काम मोठं. तसं नाही. वरचा आरा उचलतो आणि ओंडक्यावर मारलेली सुताची ओळ सांभाळतो. लाकूड कापलं जातं ते खालच्याच्या ओढीत. खालचा पाठ, खांदे, पोटऱ्या सगळं लावून ओढतो आणि कापलेला भुसा तोंडावर घेतो. पळसडोहच्या लाकूड डेपोत मुखरू चौदा वर्षं खाली उभा होता. वर चैतू.

पळसडोह म्हणजे कुरखेड्याच्या पलीकडचा, जंगलातला वीस-पंचवीस घरांचा टोला. डेपो सरकारी. तिथून रेल्वेचे स्लीपर बैलगाड्यांनी वडशाला जात. मुखरू मूल गावाकडचा. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात महिनाभर तापाने पडला, वाचला आणि बाप्तिस्मा घेऊनच बाहेर निघाला. भावांनी घराचं दार लावून घेतलं. तेव्हा दवाखान्यात झाडझूड करणारी मंगली, जिच्याशी त्याने तिथेच लग्न लावलं होतं, त्याला आपल्या मुलखात घेऊन आली. चैतू गोंड, तिच्याच गावचा. तो तिला बाई म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण, आणि मुखरूला भाऊजी. ख्रिस्ती माणसांचं टोल्यावर हे एकच घर. मूलबाळ राहिलं नाही.

महिन्यातून एकदा पाळक सायकलीवर यायचे. मुखरूला वाचता येत नव्हतं. जे ऐकलं ते तो डोक्यात ठेवी आणि सुताची ओळ पाळावी तसं पाळी. पाळक एकदा म्हणाले की खुर्चीवर बसलेला माणूस देवाच्या मर्जीशिवाय बसत नाही, म्हणून सरकारचं मानावं. ओंडका चिरताना बाजूची सालपटं निघतात. सगळे आरेवाले संध्याकाळी एकेक सालपट खांद्यावर टाकून घरी नेत. नियमात ते बसत नव्हतं, पण नाकेदार बघून न बघितल्यासारखं करी. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. त्या दिवसापासून मुखरूने सालपट नेणं सोडलं.

“काऊन गा मुखरू,” बाकीचे म्हणायचे, “येशूनं तुले नाकेदार नेमलं का?”

नाकेदार बिरजूलाही ते आवडलं नाही. तो स्वतः काय काय नेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि न नेणारा एक माणूस रोज समोरून रिकाम्या खांद्याने जायचा.

चूल मात्र पेटायलाच लागते. मंगली दोन मैल आत जाऊन सुकं सरपण वेचू लागली. जाताना दोन मैल, येताना दोन मैल, येताना डोक्यावर मोळी.

“तुमचा देव सालपटं मोजत बसते का?” ती पहिल्या दिवशी म्हणाली. मग पुन्हा कधी बोलली नाही. तेरा वर्षं गेली. मुखरूच्या खरेपणाचं ओझं कोणाच्या डोक्यावर होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

चैतूवरही थोडं होतं. मुखरू रविवारी कामाला जात नसे. आरा एकट्याने ओढता येत नाही, म्हणून त्याचा खाडा पडला की चैतूचाही पडे. चैतू गळ घेऊन डोहावर जाई आणि संध्याकाळी दोन मासे मंगलीला देऊन म्हणे, “घे बाई. तुझ्या नवऱ्याच्या देवानं मले सुटी देल्ली.”

रोज कामावरून आल्यावर मुखरू ओट्यावर बसायचा आणि मंगली लुगड्याचा पदर ओला करून त्याचे डोळे पुसायची. भुसा पापण्यांच्या आत जातो. तो स्वतःच्या हाताने निघत नाही, हात खरबरीत असतात. ती एक डोळा उघडायची, कोपरा फिरवायची, फुंकर घालायची, मग दुसरा.

सत्तावन्न सालच्या पौषात मंगलीला ताप भरला. धान कापणीला आलेल्या बायांमध्ये तो ताप फिरत होता. पाचव्या दिवशी आपण वाचत नाही हे तिला कळलं. तिने मुखरूला जवळ बोलावलं.

“मले पेटी पायजे.”

“कोणती पेटी?”

“दवाखान्यातल्या मोठ्या बाईले ठेवलं होतं तशी. झाकणाची. तुमच्या तोंडावर रोज पडते ते मी पुसतो. माझ्या तोंडावर माती पडली तर कोण पुसन?”

मुखरू म्हणाला, “करीन पेटी.”

शनिवारी सकाळी ती गेली.

डेपोत त्या दिवशी चिरलेल्या फळ्यांच्या सहा थप्प्या होत्या. त्यातली बरीचशी मुखरूच्या ओढीने चिरलेली. तो डेपोच्या बाबूपुढे उभा राहिला आणि पेटीपुरत्या फळ्या मागितल्या.

बाबू वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मुखरू, पास रेंजर साहेबांच्या सहीचा लागतो. साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी ऑफिसात येतील. सोमवारी जा, बारा मैल तर आहे.”

“बाबूजी, ती सोमवारपर्यंत कशी राहीन?”

बाबूने खाली पाहिलं. “नवीन साहेब आहेत. राज्य बदललं, मुंबईहून नवे कायदे आलेत. एक फळी कमी भरली तर माझी नोकरी जाईल.”

मुखरू परत आला. चैतू दारात बसला होता. त्याने सगळं ऐकलं आणि उठून उभा राहिला.

“चौदा वर्षं आपुन त्याच फळ्या चिरून राह्यलो भाऊजी. एक उचलून आणाची नाई?”

“सरकारच्या आहेत.”

“आणि बाई कोनाची आहे?”

मुखरू आत मंगलीजवळ जाऊन बसला. चैतूने कुऱ्हाड घेतली, बैल सोडले आणि निघून गेला.

रविवारी उजाडताना टोल्याबाहेरच्या जुन्या खड्ड्यावर ओंडका चढवलेला होता. चार हात लांब, एका माणसाच्या मिठीत मावेल एवढा. साल पूर्ण सोललेली. वर सूत मारून काळ्या ओळीही आखलेल्या. चैतूचे डोळे लाल होते.

“कोणतं लाकूड?” मुखरूने विचारलं.

“चिराचं लाकूड. खाली उतरा.”

चौदा वर्षांत मुखरूने रविवारी आरा धरला नव्हता. त्या दिवशी तो खाली उतरला. त्याने मूठ पकडली, पाय रोवले, ओढलं. पहिला भुसा तोंडावर आला. ओला, तेलकट, कातड्यासारख्या वासाचा. साग. काल-परवा तोडलेला. आणि डेपोत न येता इथे आलेला साग म्हणजे सरकारी हातोड्याचा शिक्का नसलेला साग. हे त्याला पहिल्या ओढीत कळलं. दुसरी ओढ घेण्याआधी थांबता आलं असतं. वर चैतू आरा उचलून थांबला होता, जणू विचारत होता. मुखरूने ओढलं.

सात चिरा घेतल्या. ओलं लाकूड आरा धरून ठेवतं, दर चिरेला पाचर ठोकावी लागते. सहा फळ्या निघाल्या. खिळे नव्हते, म्हणून बांबूच्या खुंट्या मारल्या. बाजूची दोन सालपटं उरली ती मुखरूने चुलीत जाऊ दिली नाहीत, पेटीखाली घातली. दुपारी मंगलीला ठेवलं. टोल्यातली सगळी माणसं आली. मूलहून कोणी आलं नाही. पाळकांना निरोप पोचायला वेळ लागला, म्हणून पाठ असलेली प्रार्थना मुखरूने स्वतःच म्हटली. पहिली माती पडली तेव्हा झाकणावर आवाज झाला. तो ऐकून मुखरूला रडू आलं, आणि बरंही वाटलं. माती लाकडावर पडत होती.

बारा दिवसांनी नवे रेंजर साहेब पळसडोहला आले. जंगल फिरताना त्यांना नाल्याच्या काठावर सागाचं ताजं खोड दिसलं. खोडावर शिक्का नव्हता, आसपास लाकूड नव्हतं. वाटेवरून तोवर धानाच्या गाड्या गेल्या होत्या, त्यामुळे माग पुसला होता. साहेबांनी डेपोतल्या मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकली आणि सगळ्यांना बोलावलं.

“हा भाग कोणाचा?”

“माझा साहेब,” बिरजू म्हणाला.

“झाड गेलं, माल नाही, तक्रार नाही. म्हणजे तूच विकलंस.”

“नाई साहेब! पोराची आन. मले माईत पन नाई.”

“उद्या सकाळपर्यंत माल दाखव. नाहीतर तुला काढून टाकतो आणि केस करतो.”

सगळा टोला गप्प होता. सगळ्यांना ठाऊक होतं. बिरजूने आजवर इतकी झाडं खाल्ली होती की न खाल्लेल्या झाडापायी तो जातोय, याची कित्येकांना मजा वाटत होती. घरी परतताना एक जण म्हणालाही, “बिरज्याची वरात निघते आता!”

मुखरू मात्र चैतूच्या अंगणात जाऊन बसला.

“मी बोलतो उद्या,” तो म्हणाला.

चैतू दोर वळत होता. त्याचा हात थांबला. “काय बोलता?”

“पेटीचं.”

“भाऊजी, तुमाले खोटं बोलता येत नाई, ते मले समजते. मी खोटं बोला म्हनलं का? तुमी गप्प राहा. गप्प राह्यलं तर तुमच्या देवाचं काय जाते?”

“बिरजूची चार लेकरं आहेत.”

“त्याच्या लेकराईनं चोरीचंच खाल्लं आजवर!”

“खाल्लं असन. पण हे झाड त्यानं नाई खाल्लं.”

चैतूने दोर बाजूला टाकला. मग म्हणाला, “मले जेलात धाडसान.”

“तुझं नाव नाई घेत. पेटी माझ्या बायकोची. मी माझं सांगतो. जे होईन ते मले होईन.”

हे मुखरू मनापासून बोलत होता. त्याने ते शब्द आधी पारखून घेतले होते असं नाही. त्याला ते सरळ दिसत होतं. स्वतःपुरतं खरं सांगायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. खोटंही नाही, चुगलीही नाही. सरकारचा मान राहतो, बिरजू वाचतो, चैतूला धक्का लागत नाही.

सकाळी मोहाखाली पुन्हा सगळे जमले. बिरजू पांढराफटक पडला होता. मुखरू पुढे गेला, टोपी काढली.

“साहेब, ते लाकूड बिरजूनं विकलं नाई. माझी बायको मेली. तिच्या पेटीले लागलं. पेटी जमिनीत आहे. गुन्हा माझा आहे.”

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. साहेब तरुण होते, तिशीच्या आतले. “झाड तू तोडलंस?”

मुखरू गप्प राहिला.

“बरं, तोडलं कोणी ते राहू दे. चिरलं कोणी?”

याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. “मी साहेब. आरा मी ओढला.”

“एकट्याने?”

त्या एका शब्दासरशी मुखरूला कळलं. मागे उभ्या असलेल्या सगळ्या आरेवाल्यांनाही कळलं, कारण कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

“तू वर होतास की खाली?” साहेबांनी विचारलं.

“खाली.”

“मग वर कोण होता?”

मुखरूने नाव घेतलं नाही. त्याची गरजही नव्हती. बाबूच्या हजेरीच्या वहीत चौदा वर्षं ती दोन नावं एका ओळीत होती. माणसांनी चैतूकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच साहेबांना पुरलं. माणसं जिकडे बघायचं टाळत होती तिकडे त्यांनी मान वळवली.

चैतू स्वतःच पुढे आला. “मी होतो. तोडलं पन मीच. भाऊजीले माईत नव्हतं. मी सांगतलं की पासाचं लाकूड आहे.”

“नाई साहेब,” मुखरू म्हणाला, “तो खोटं बोलते. मले माईत होतं. पहिल्याच भुशात समजलं.”

साहेबांनी लिहायला घेतलेली लेखणी थांबवली. “तुला समजलं हे मी ऐकलं नाही. ज्याने तोडलं तो आरोपी. तू खरं बोललास, तू सरकारी साक्षीदार. दोघांनाही आत टाकून मला काय मिळणार?”

“पण साहेब, मी—”

“विचारीन तेवढंच बोल.”

साहेबांना वाटलं, आपण उपकार केला. चैतू मुखरूकडे एकदाच पाहून खाली बसला.

केस करायची तर माल जप्त करावा लागतो, आणि माल जमिनीत होता. साहेबांनी खोदायचा हुकूम दिला. मजूर जागचे हलले नाहीत. कोणी फावड्याला हात लावेना. बिरजू म्हणाला, “साहेब, माझ्याच्यानं नाई होत.” तो खरोखर रडत होता.

मुखरूने फावडं उचललं. त्याने काय विचार केला ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. हुकूम सरकारचा होता, आणि दुसऱ्या कोणी खोदलं असतं तर फावडं कुठे लागलं असतं याचा भरवसा नव्हता. त्याने वरची माती फावड्याने काढली. हातभर उरल्यावर फावडं टाकलं आणि हातांनी माती सारली. पाऊण तास लागला. झाकण दिसलं. ओल्या सागाला मातीचा काळा रंग चढला होता, पण खुंट्या जागच्या होत्या. कुठेही फट पडली नव्हती.

साहेब काठावर आले. आत बघून त्यांनीही टोपी काढली. मग म्हणाले, “उघडू नका. माप घ्या, शिक्का मारा.”

बिरजूने जप्तीचा हातोडा आणला. खड्ड्यात उतरला, झाकणाच्या पायाकडच्या बाजूला उभा राहिला, आणि हळू मारला. शिक्का उमटला नाही. “जोरानं मार,” साहेब म्हणाले. दुसऱ्यांदा मारला तेव्हा आतून पोकळ आवाज आला. मुखरूने डोळे मिटले. ज्या सरकारने पेटीला एक फळी दिली नव्हती त्याचा शिक्का पेटीवर बसला.

साहेबांनी कागद केला. जप्त माल हलवता येत नसेल तर तो कोणाच्या तरी हवाली करतात, त्याला सुपुर्दनामा म्हणतात. माल मुखरूच्या हवाली झाला. पेटी, सागवानी, एक नग, जमिनीखाली. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मालाला कोणी हात लावू नये ही जबाबदारी मुखरूची. त्याने अंगठा दिला. मग स्वतःच माती परत लोटली.

पुढच्या आठवड्यात पाळक आले. मुखरूने सगळं सांगितलं आणि विचारलं, “मी कुठी चुकलो?”

पाळक पुष्कळ वेळ टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, “तू खरं बोललास, मुखरू.”

“ते मले माईत आहे,” मुखरू म्हणाला. “चुकलो कुठी ते विचारून राह्यलो.”

 पाळकांनी प्रार्थना केली आणि सायकल घेऊन गेले.

फाल्गुनात तहसीलच्या कोर्टात निकाल लागला. मुखरूने साक्षीत पुन्हा सांगितलं की आपल्यालाही माहीत होतं. ते कोणी लिहून घेतलं नाही. चैतूला तीन महिन्यांची कैद झाली, चांद्याच्या तुरुंगात नेलं. बिरजू नोकरीवर राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मुखरूच्या दारात एक मोठं सालपट आणून टाकलं. मुखरूने ते उचलून परत डेपोत नेऊन ठेवलं.

मंगलीच्या वाटेने तो आता स्वतः सरपणाला जाऊ लागला. पहिल्याच दिवशी येताना वाटेत दोनदा मोळी उतरवावी लागली. त्या दिवशी त्याला कळलं तिने काय उचललं होतं.

डेपोत त्याच्या वर दुसरा माणूस दिला. त्याची ओळ सरळ राहत नसे. आरा वाकडा चालला की खालच्याच्या खांद्यावर येतो. मुखरूने तक्रार केली नाही. तो रोज घरी येऊन ओट्यावर बसे आणि ओल्या फडक्याने डोळे पुसे. अर्धा भुसा आतच राही.

ज्येष्ठात चैतू सुटून आला. बारीक झाला होता, केस कापले होते. मुखरूला तो घरी दिसला नाही. कबरीशी दिसला. गोंडांमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाने गोटा उभा करतात. तो थोरल्या माणसाचा असेल तर दोन-चार जण मिळून नदीवरून वाहून आणतात. चैतूने एक गोटा आणला होता आणि पायाकडच्या बाजूला खड्डा करून तो रोवत होता.

मुखरू चार पावलांवर थांबला. चैतूने वर न पाहता विचारलं, “सरकारचा माल आहे म्हनते. गोटा ठेवू का? पास लागते का?”

“ठेव,” मुखरू म्हणाला. मग जवळ जाऊन वाकला आणि गोट्याची दुसरी बाजू धरायला हात पुढे केला.

चैतूने गोटा आपल्याकडे ओढून घेतला.

“राहू दे, मुखरू,” तो म्हणाला. भाऊजी म्हणाला नाही. “एकट्याले उचलते तेवढाच आनला.”

त्याने गोटा रोवला, भोवतीची माती पायाने दाबली, हात झटकले. पुढच्या बाजारी बैल विकून तो अहेरीकडच्या डेपोत निघून गेला. तिथे त्याच्या खाली कोण उभा राहतो, हे मुखरूने येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांना पुष्कळदा विचारलं. कोणाला सांगता आलं नाही.